‘लिमिनल’ : आठ ओळींच्या नोंदीवर भाष्य

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला इंग्रजी शिकवतो. त्यांतली बरीच सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यातली, पाड्यांवरून खाली शिकायला उतरलेली. एका मुलीच्या वहीत शब्दसंग्रहाच्या पानावर मला एक वाक्य दिसले. गाईडात ‘लिमिनल’ या शब्दासमोर ‘सीमेवरचा’ एवढाच अर्थ छापलेला होता आणि त्याच्या आधाराने तिने लिहिले होते : तोरणमाळ हे लिमिनल गाव आहे. तिचे घर तोरणमाळच्याच एका पाड्यावर. तिथून मध्य प्रदेशाची हद्द जवळ, म्हणजे गाईडातल्या अर्थाने वाक्य बरोबर. व्याकरणाचीही चूक नाही. तरी लाल पेन त्या वाक्यावर थांबले. का थांबले, ते सांगण्यासाठी मी तिच्या वहीत आठ ओळींची नोंद लिहून दिली.

१. लिमिनल : विशेषण. उंबरठ्यावरचा, उंबरठ्यावरची, उंबरठ्यावरचे.
२. मूळ लॅटिन ‘लिमेन’ : दाराच्या चौकटीतले खालचे लाकूड, वरचेही.
३. याच घरातले : प्रिलिमिनरी, एलिमिनेट, सब्लिमिनल. वेगळ्या घरातला : लिमिट.
४. आधी मनाच्या शास्त्रात आला, मग माणसाच्या.
५. जुने सुटले आहे, नवे लागलेले नाही, अशा मधल्या अवस्थेतला.
६. जसे : दिवेलागण, हळद लागलेली नवरी, पाळणीतला बावा.
७. सीमांत नव्हे.
८. उंबरठा कोणाचा, ते आधी सांगावे.

सूत्र लहान ठेवावे आणि त्याचे पोट भाष्यात उघडावे, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. सूत्र पाठ करायला सोपे जाते. समजते मात्र भाष्यानेच. म्हणून हे भाष्य.

पहिली ओळ. लिमिनल : विशेषण. उंबरठ्यावरचा, उंबरठ्यावरची, उंबरठ्यावरचे.

उच्चारात भर पहिल्या ‘लि’वर, आणि तो ऱ्हस्व. इंग्रजी विशेषणाला लिंग नसते, मराठीत ते नामाप्रमाणे वळते, म्हणून तिन्ही रूपे दिली. ओळीतला सगळा जोर ‘वरचा’ या पदावर आहे. उंबरठ्याच्या अलीकडचा तो घरातला, पलीकडचा तो अंगणातला. लिमिनल म्हणजे ज्याचा पाय आत्ता त्या लाकडावर आहे तो.

‘सीमा’ न घेता ‘उंबरठा’ का घेतला? सीमा ही रेघ असते; नकाशावर तिला लांबी असते, रुंदी नसते. उंबरठ्याला रुंदी असते. फ्लॅटच्या दारात आता फरशीची एक पट्टी उरली आहे, पण जुन्या घराचा उंबरठा आठवून पाहा. वीतभर रुंद, चार बोटे उंच, पायांनी मधोमध झिजून खोलगट झालेला. तो ओलांडताना मोठ्या माणसालाही पाऊल उचलावे लागते. रांगते मूल पहिल्यांदा तिथे पोचते तेव्हा त्याचे पोट उंबरठ्यावर टेकते, हात बाहेरच्या ओसरीवर आणि गुडघे आत राहतात. क्षणभर ते तसेच अडते, मागे वळून आईकडे पाहते आणि मग पुढे सरकते. तो क्षण ‘लिमिनल’ या शब्दात आहे. सीमा म्हटले की तो निसटतो.

उंबरठा उंबराच्या लाकडाचा करीत, म्हणून त्याचे हे नाव, असे घरोघर सांगतात. उंबर पवित्र झाड असल्यामुळे ही व्युत्पत्ती मनाला पटते. पण पाली भाषेत उंबरठ्याला ‘उम्मार’ म्हणतात आणि शेजारी गुजरातीत तो ‘उंबरो’ आहे. हा शब्द दोन हजार वर्षे बोलीबोलींतून झिजत आपल्यापर्यंत आला आहे. त्यामुळे झाडाची कथा जपून सांगावी, पण त्या कथेने उंबरठ्याला देवपण दिले, हेही विसरू नये. उंबरठ्यावर बसू नये, उंबरठ्यावर उभे राहून देणेघेणे करू नये, सकाळी त्यावर हळदकुंकू वाहावे, हे ज्या भाषेतल्या बायकांना आईकडून कळते, त्या भाषेला ‘लिमिनल’ शिकवायला कोशाची गरज थोडीच लागते.

दुसरी ओळ. मूळ लॅटिन ‘लिमेन’ : दाराच्या चौकटीतले खालचे लाकूड, वरचेही.

‘वरचेही’ हा शब्द मी मुद्दाम वेगळा ठेवला. लॅटिनमध्ये ‘लिमेन’ म्हणजे मुख्यतः उंबरठा. पण डोक्यावरच्या आडव्या लाकडालाही तेच नाव चाले, आणि गोंधळ होऊ नये म्हणून वरचे लिमेन, खालचे लिमेन असे म्हणत. आपल्या चौकटीत खाली उंबरठा आणि वर गणेशपट्टी. त्या पट्टीवर आंब्याचे डहाळे आणि झेंडूची फुले ओवून आपण बांधतो ते तोरण. संस्कृतात ‘तोरण’ म्हणजे कमान, प्रवेशद्वार. सांचीच्या स्तूपाभोवतीची दगडी तोरणे त्याच अर्थाची. दगडाची कमान पानाफुलांच्या माळेत उतरली, तरी तिचे काम बदलले नाही : इथून आत, हे सांगणे. रोमन माणसाने आपले तोरण पाहिले असते, तर ते वरच्या लिमेनवर बांधले आहे, असे तो म्हणाला असता.

आता गावाचे नाव. तोरणमाळची माणसे नावाचा उगम दोन गोष्टींत सांगतात, तोरणादेवीत आणि तोरणाच्या झुडपांत. तोरण हे बोरीच्या कुळातले काटेरी झुडूप. त्याला पांढरी गोडसर फळे येतात. पुण्याकडच्या तोरणा किल्ल्याच्या नावाचीही हीच गोष्ट सांगतात. आणि ‘माळ’ इथे पुल्लिंगी, उघडे उंच पठार. गळ्यातली स्त्रीलिंगी माळ नव्हे. तेव्हा तोरणमाळचा अर्थ तोरणाच्या झुडपांचे पठार असाच घ्यावा. दारावरच्या तोरणाशी नावाचा संबंध केवळ ध्वनीचा आहे. हे मी वर्गात स्पष्ट सांगतो, कारण शब्दार्थ शिकताना असे सुंदर योगायोग फसवतात. मात्र म्हसावद, राणीपूर मागे टाकून सातपायरी घाटाची वळणे चढत जो माणूस सुमारे ११५० मीटर उंचीवर पोचतो, त्याला दारातून आत आल्यासारखे वाटते, यात खोटे काही नाही. खाली उन्हाने तापलेले तापीकाठचे सपाट रान, वर यशवंत तलावावरचा गार वारा. असे वाटणे कोणाचे, हा प्रश्न आठव्या ओळीसाठी राखून ठेवतो.

तिसरी ओळ. याच घरातले : प्रिलिमिनरी, एलिमिनेट, सब्लिमिनल. वेगळ्या घरातला : लिमिट.

परीक्षेच्या मुलांना ही ओळ सर्वांत लवकर कळते, कारण पहिला शब्द त्यांच्या रोजच्या तोंडातला. ‘प्रिलिम्स’, पूर्वपरीक्षा. ‘प्री’ म्हणजे आधी आणि ‘लिमेन’ म्हणजे उंबरठा. प्रिलिमिनरी म्हणजे उंबरठ्याआधीचे, अजून अंगणातले. ‘एलिमिनेट’मध्ये सुरुवातीचा ‘ए’ बाहेर काढण्याचा. कोणाला तरी उंबरठ्याबाहेर घालवणे. चार पर्यायांतला चुकीचा पर्याय मुले ‘एलिमिनेट’ करतात तेव्हा त्याला दाराबाहेर काढतात. ‘सब्लिमिनल’ म्हणजे उंबरठ्याखालचे, जाणिवेपर्यंत न पोचलेले. एक शब्द धड कळला की त्याच्या पाठीमागे तीन शब्द घरात येतात, आणि पाठांतराचे ओझे तेवढे कमी होते.

याच घरातला आणखी एक शब्द नोंदीत घातला नाही, तो भाष्यात सांगतो. रोमन कायद्यात ‘पोस्टलिमिनियम’ नावाचा हक्क होता. रोमन नागरिक शत्रूच्या कैदेत सापडला की नागरिक म्हणून त्याचे हक्क थांबत. तो सुटून आपल्या भूमीत परत आला की ते हक्क त्याला पुन्हा मिळत. उंबरठ्याच्या आत परतल्याचा हक्क, असा त्या नावाचा अर्थ. नंदुरबारची माणसे दिवाळी झाली की ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत उतरतात आणि होळीला कुठूनही परत येतात. होळीच्या भोंगऱ्या बाजारात गर्दी होते, ढोल निघतात, आणि गेलेला माणूस पुन्हा पाड्याचा होतो. त्याला कायद्याचे नाव नाही. पण होळीला घरी पोचणे हा हक्कच आहे, असे इथला प्रत्येक माणूस मानतो. मुकादमाने सुट्टी नाही दिली तरी माणसे निघून येतात.

‘लिमिट’ मात्र ‘लिमेस’पासून आला. लिमेस म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाची वाट, पुढे साम्राज्याची सरहद्द. काही व्युत्पत्तिकार लिमेन आणि लिमेस यांना भावंडे मानतात. नाते असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत : बांध अडवतो, उंबरठा आत घेतो. गाईडातला ‘सीमेवरचा’ हा अर्थ बहुधा या दोघांच्या सरमिसळीतून आला असावा.

चौथी ओळ. आधी मनाच्या शास्त्रात आला, मग माणसाच्या.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत संवेदना मोजण्याचे प्रयोग सुरू झाले. तत्त्वज्ञ हर्बार्टने जाणिवेच्या उंबरठ्याची कल्पना मांडली होती. फेश्नरने १८६० साली मनोभौतिकीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो उंबरठा मोजायला घेतला. मोजणी अशी. पाण्याच्या हंड्यात साखरेचा एक दाणा टाकला तर चव लागत नाही, मूठभर टाकली तर लागते. मधे कुठेतरी चव सुरू होते. पण ती नेमक्या एका दाण्याला सुरू होत नाही. तेच पाणी त्याच माणसाला पुन्हा पुन्हा चाखायला दिले तर तो कधी गोड म्हणतो, कधी नाही म्हणतो. शंभरातल्या पन्नास वेळा ज्या प्रमाणाला तो ‘गोड’ म्हणेल, ते प्रमाण उंबरठा मानण्याचा प्रघात पडला. इथेही रेघ सापडली नाही, पट्टा सापडला. पहिल्या ओळीवर मी उंबरठ्याच्या रुंदीबद्दल लिहिले, ती रुंदी प्रयोगशाळेतही निघाली. या शास्त्रातूनच हे विशेषण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रुळले.

दुसरा टप्पा माणसाच्या शास्त्राचा. १९०९ साली आर्नल्ड व्हान गेनेप यांचा संक्रमणविधींवरचा फ्रेंच ग्रंथ पॅरिसमध्ये निघाला. जन्म, वयात येणे, लग्न, मृत्यू या वेळचे जगभरचे विधी त्यांनी शेजारी शेजारी मांडले आणि त्यांत तीन पायऱ्या दाखवल्या : जुन्यातून वेगळे होणे, मधे असणे, नव्यात सामील होणे. मधल्या पायरीला त्यांनी उंबरठ्यावरून नाव दिले. हा ग्रंथ इंग्रजीत यायला १९६० उजाडले. त्यानंतर मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी आफ्रिकेतल्या न्देम्बू लोकांमधल्या आपल्या अभ्यासाच्या बळावर ती मधली पायरी उचलून धरली. आज इंग्रजीत हा शब्द ज्या वजनाने वापरतात ते वजन मुख्यतः टर्नर यांनी दिलेले.

मराठी वाचकाने इथे आणखी एक धागा धरावा. टर्नर पुढे यात्रांकडे वळले आणि पंढरीच्या वारीपर्यंत आले, तेव्हा त्यांच्या हाताशी इरावती कर्वे यांचा लेख होता. कर्व्यांनी स्वतः वारीत चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला, त्याचा इंग्रजी अवतार १९६२ साली प्रसिद्ध झाला. टर्नर यांच्या मते यात्रेकरू घराचा उंबरठा ओलांडतो तेव्हा घरची उतरंडही मागे सोडतो आणि वाटेवर सगळे सारखे होतात. कर्व्यांना एका तालात चालणारी माणसे दिसली, आणि जेवायला जातीजातीने वेगळी बसणारीही दिसली. माझा कौल कर्व्यांच्या बाजूने आहे. उंबरठ्यावर आल्याने सगळेच गळून पडते असे नाही. काही गोष्टी माणूस कमरेला बांधूनच वर चढतो.

पाचवी ओळ. जुने सुटले आहे, नवे लागलेले नाही, अशा मधल्या अवस्थेतला.

ही व्याख्या. इथे मराठीतले चार शब्द तपासून बाजूला ठेवायला हवेत, कारण भाषांतरात ते हमखास घुसतात.

‘त्रिशंकू’ चालणार नाही. त्रिशंकू मधेच लटकला आणि लटकलेलाच राहिला. लिमिनल माणसाला पलीकडे जायचे असते आणि तो जातो, असे धरलेले असते. ‘अधांतरी’ म्हणजे पायाखाली आधार नसलेला. लिमिनल माणसाच्या पायाखाली लाकूड आहे, त्याचे नियम आहेत, कधी कधी तर दोन्ही खोल्यांपेक्षा कडक. ‘संक्रमणकालीन’ जवळचा शब्द आहे, पण तो चालण्याविषयी बोलतो. लिमिनल चालताना जिथे पाय पडला त्या जागेविषयी बोलतो. ‘सीमारेषीय’ हा तर कोशाने घडवलेला शब्द. कोणाच्या घरात तो बोलला गेल्याचे मी ऐकलेले नाही. ‘उंबरठ्यावर’ मात्र आपण रोज वापरतो : तारुण्याच्या उंबरठ्यावर, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, युद्धाच्या उंबरठ्यावर. मराठीत तो नेहमी कशाच्या तरी अलीकडे उभा असतो, पुढे काय येणार ते सांगतो. इंग्रजी ‘लिमिनल’ मागे काय सुटले तेही सांगतो. एवढा फरक लक्षात ठेवून ‘उंबरठ्यावरचा’ लिहावे, खुशाल लिहावे.

अलीकडे हा शब्द तरुण मुलांमध्ये एका वेगळ्याच वाटेने आला आहे. २०१९ च्या सुमारास इंटरनेटवर रिकाम्या जागांच्या फोटोंची लाट आली : कोणी नसलेले लांब कॉरिडॉर, बंद झालेला मॉल, रात्रीची शाळा. त्यांना ‘लिमिनल स्पेस’ म्हणतात. आपल्याकडचे उदाहरण हवे तर शेवटची गाडी गेली आहे आणि पहिली यायची आहे असे पहाटे ३ चे एसटी स्टँड. ट्यूबलाइट चालू आहे, फलकावर गावांची नावे आहेत, जाणारा कोणी नाही. हा वापर चुकीचा नाही. पण त्यात ओलांडणारा माणूसच नाही, म्हणून तो मला पातळ वाटतो.

सहावी ओळ. जसे : दिवेलागण, हळद लागलेली नवरी, पाळणीतला बावा.

तीन उदाहरणे, एक वेळेचे, एक घरातले, एक सातपुड्यातले.

दिवेलागण. दिवस मावळला, रात्र अजून पडली नाही. या वेळी झोपू नये, केर काढू नये, उंबरठ्यावर बसू नये. नरसिंहाची कथा याच वेळेची आहे आणि तीत मधलेपणाची रास रचलेली आहे : दिवस नाही, रात्र नाही, आत नाही, बाहेर नाही, उंबरठ्यावर, माणूस नाही, पशू नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, मांडीवर. हिरण्यकशिपूने वर मागताना सगळी टोके बांधून घेतली होती. मधली जागा बांधायची राहिली. लिमिनल म्हणजे काय, हे एका कथेत सांगायचे झाले तर मी हीच सांगतो.

त्याच उंबरठ्यावर आपण दिवाही ठेवतो. देहलीवरचा दिवा आत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड देतो, म्हणून संस्कृत शास्त्रकारांनी ‘देहलीदीपन्याय’ केला : वाक्याच्या मधोमध आलेले पद मागच्या आणि पुढच्या दोन्ही भागांना लागते. आपल्या परंपरेला मधल्या जागेचे नुसते भय वाटत नव्हते, उपयोगही कळला होता. तोरणमाळला गोरखनाथांचे स्थान आहे, मच्छिंद्रनाथांची गुहा आहे, म्हणून सिद्धांच्या भाषेचाही उल्लेख करतो. हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ साली नेपाळात सिद्धांच्या चर्यापदांची पोथी मिळाली. १९१६ मध्ये ती छापताना त्यांनी तिच्या गूढ भाषेला ‘संध्याभाषा’ म्हटले, उजेड-अंधाराच्या मधली भाषा. विधुशेखर भट्टाचार्य यांनी पुढे दाखवले की मूळ शब्द ‘संधाभाषा’ असावा, म्हणजे हेतू मनात धरून बोललेली भाषा. पाठ म्हणून मला विधुशेखरांचा बरोबर वाटतो. पण एका ‘य’ने अर्थ किती हलतो, आणि तो हललेला अर्थही लोकांच्या मनात किती खोल रुजतो, हे दाखवायला दुसरे इतके चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही.

हळद लागलेली नवरी. हळद लागली की ती माहेरची मुलगी उरत नाही, सासरची सून झालेली नसते. तिला एकटीला बाहेर सोडत नाहीत, नवरदेवाच्या हाती कट्यार देतात. वरात दाराशी आली की उंबरठ्यावर तांदळाचे माप ठेवलेले असते. ती उजव्या पायाने ते आत लवंडते आणि घरात येते. व्हान गेनेप यांच्या तिन्ही पायऱ्या एका दिवसात, एका बाईच्या पावलांत दिसतात. बाळंतिणीचा सव्वा महिना आणि सुतकाचे दहा दिवस याच जातीचे.

पाळणीतला बावा. हे उदाहरण देताना मला त्या मुलीकडून नीट ऐकून घ्यावे लागले, कारण ते तिच्या घरचे आहे. होळीच्या दिवसांत सातपुड्यात नवस बोललेले पुरुष बावा, बुध्या होतात. अंगभर राखेची आणि तांदळाच्या पिठाची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी त्यांच्यासाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. बाहेरून आलेला माणूस फोटो काढतो तो टोपाचा आणि भोपळ्यांचा. शब्द ज्याला लागू होतो ती गोष्ट फोटोत येत नाही, तिचे नाव पाळणी. बावा झालेला माणूस त्या दिवसांत खाटेवर झोपत नाही, जमिनीवर झोपतो. अनवाणी चालतो. बायकोपासून दूर राहतो. कालपर्यंत तो कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी नवरा, कोणाच्या शेतावरचा मजूर असतो. या दिवसांत तो बावा असतो. नवस फिटला, पाळणी सुटली की पुन्हा घरचा. टर्नर यांनी न्देम्बूंमध्ये जे पाहिले ते सगळे इथे आहे : साधेपणा, संयम, बदललेले रूप, आणि परतीची खात्री.

सातवी ओळ. सीमांत नव्हे.

नोंदीतली सर्वांत आखूड ओळ, आणि तिच्यासाठीच बाकीची नोंद लिहिली.

लिमिनल आणि मार्जिनल हे दोन शब्द आता लेखांमध्ये एकमेकांच्या जागी येऊ लागले आहेत. मार्जिनल म्हणजे सीमांत, कडेला ठेवलेला. तो कडेला आला नाही, त्याला ठेवले. त्याच्यापुढे आत जाण्याची पायरी कोणी बांधलेली नाही. अक्राणी आणि अक्कलकुव्यातल्या काही पाड्यांवरून आजही आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून चार जण खांद्यावर रस्त्यापर्यंत आणतात. पावसाळ्यात बाळंतीणही अशीच येते. त्या झोळीतल्या बाईला लिमिनल म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. तिला रस्ता दिलेला नाही. ती सीमांत आहे.

यापेक्षा अवघड उदाहरण सरदार सरोवराचे. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे त्या धरणाने बाधित झाली. नर्मदाकाठचे जुने गाव पाण्यात गेले आणि नवी जमीन ताब्यात यायची आहे, अशी कुटुंबे वर्षानुवर्षे होती. पाचव्या ओळीतली व्याख्या त्यांना शब्दशः लागते : जुने सुटले, नवे लागले नाही. मग ती लिमिनल का नाहीत? कारण विधीत उंबरठ्यावर उभे असलेल्या माणसाला ठाऊक असते की दार आपल्यासाठी उघडणार आहे, आणि आतली माणसे माप घेऊन वाट पाहत आहेत. वाट पाहणारे कोणी नसेल, तर त्या थांबण्याला उंबरठा म्हणू नये; ती उपेक्षा आहे आणि तिला तेच नाव द्यावे. २०१८ साली नंदुरबारचा समावेश देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला. ‘मागास’पेक्षा ‘आकांक्षित’ हा शब्द बरा आहे, त्यात पुढे टाकलेले पाऊल आहे. पण शब्दात पाऊल असून भागत नाही, दारही उघडावे लागते. जो लेखक झोळीला ‘लिमिनल अनुभव’ म्हणतो, तो एका चांगल्या शब्दाने वाईट गोष्ट झाकतो. अशा जागी तो शब्द मी खोडतो.

आठवी ओळ. उंबरठा कोणाचा, ते आधी सांगावे.

ही ओळ माझी नाही, त्या मुलीची आहे. सात ओळी लिहून झाल्यावर तिने विचारले, “सर, मग आमचं गाव कोणाच्या उंबरठ्यावर?”

मला दुसऱ्या ओळीतला घाट आठवला. सातपायरी चढून आलेल्याला दारातून आत आल्यासारखे वाटते, कारण तो खालून आलेला असतो. नकाशा मुंबईत उलगडला की तोरणमाळ टोकाला जाते. भोपाळमध्ये उलगडला तरी टोकालाच. पण त्या मुलीच्या पाड्यावर उभे राहिले की उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी, आणि मधे तिचे घर, तिचे शेत, मोहाची झाडे, पावरी बोलणारी माणसे. तिथे ती कशाच्याही उंबरठ्यावर नसते. तिचा उंबरठा शहाद्याला आहे, वसतिगृहाच्या खोलीत, पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा यांच्या मधे.

तिने वाक्य पूर्ण खोडले नाही, कर्ता बदलला. वहीत आता असे आहे : महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या दर्शनाला घाट चढणारे यात्रेकरू लिमिनल असतात, आम्ही घरीच असतो. त्या वाक्यापुढे मी बरोबरची खूण केली आहे.